सामान कोठवर, तिकीट कोठवर

नांदेडचा मोंढा असो वा लातूरची गंजगोलाई, आपल्या व्यापारी घरांत परदेशगमन ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा जर्मनीत शिकतो, कन्या न्यू जर्सीत नांदते, तिच्या बाळंतपणासाठी आई डिंकाचे लाडू घेऊन सहा महिने जाते आणि परतताना दोन भरगच्च बॅगा घेऊन येते. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांविषयी घरोघरी पुरेशी माहिती असते. परंतु दोन-तीन विमाने बदलून होणाऱ्या प्रवासात सामान कोणाच्या जबाबदारीवर कोठपर्यंत जाते आणि तिकिटातील एखादा टप्पा आपण आपल्या सोयीने वगळला तर काय घडते, या दोन प्रश्नांवर चांगल्या व्यवहारकुशल माणसांचेही अंदाज चुकतात. उभी हयात बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासण्यात गेल्याने मला तिकिटामागील बारीक अक्षरातील अटी वाचण्याची खोड आहे. त्या वाचनातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

हा प्रश्न मुंबईकरापेक्षा मराठवाड्यातील माणसाला अधिक भेडसावतो. मुंबईकर घरून निघतो आणि थेट आंतरराष्ट्रीय विमानात बसतो. आपल्याला आधी हैदराबाद वा मुंबई गाठावी लागते. नांदेडचा श्री गुरू गोबिंदसिंघजी विमानतळ २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नव्या रूपात उभा राहिला. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेचा देशभर प्रारंभ झाला, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या मार्गांत हैदराबाद-नांदेड हा मार्ग होता. ती सेवा चालविणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. त्यानंतरही सेवा आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान तेथे फार काळ टिकले नाही. लातूरकर रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठतो किंवा मोटारीने हैदराबाद. तात्पर्य, आपला परदेशप्रवास मुळातच तुकड्यातुकड्यांचा असतो, आणि हे तुकडे एका धाग्यात ओवलेले आहेत की सुटे आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

व्यापाऱ्याला हे समजावणे अवघड नाही. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी होती, त्या काळी लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या लाइनच्या डब्यात चढवावा लागे. मालाची पावती थेट मुंबईपर्यंतची केलेली असेल, तर कुर्डुवाडीच्या चढउताराची चिंता रेल्वेची. पावती कुर्डुवाडीपर्यंतचीच असेल, तर तेथे आपला माणूस उभा पाहिजे, माल सोडवून घेतला पाहिजे आणि नवी पावती केली पाहिजे. विमानाचे तिकीट हे या पावतीचेच भावंड आहे. ते कोठून कोठपर्यंत एकसंध आहे, हे पाहणे हा पहिला नियम.

ते ओळखायचे कसे? बहुतेक जण पीएनआर पाहतात. पीएनआर हा केवळ आरक्षणाचा संकेतांक आहे. एकाच आरक्षणाखाली दोन स्वतंत्र तिकिटे निघू शकतात. खरा कागद म्हणजे तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. धनादेशावरील बँकेच्या संकेतांकासारखाच हा प्रकार आहे. नांदेड-हैदराबाद, हैदराबाद-दुबई आणि दुबई-न्यूयॉर्क हे तिन्ही टप्पे एकाच तिकीट क्रमांकाखाली असतील, तर तो एक करार. नांदेड-हैदराबादचा क्रमांक वेगळा असेल, तर ते दोन करार झाले आणि हैदराबाद हे आपले कुर्डुवाडी. काही संकेतस्थळे असे सुटे तुकडे जोडून स्वस्त तिकीट दाखवतात आणि खाली 'सेल्फ ट्रान्सफर' असे शब्द बारीक टाइपात छापतात. त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की मध्ये सामान उतरवणे, पुन्हा देणे आणि विमान चुकल्यास नवे तिकीट काढणे हे सर्व प्रवाशाने आपल्या खर्चाने करावयाचे.

सुट्या तिकिटांत वजनाचाही घोळ होतो. अमेरिकेच्या प्रवासात पुष्कळदा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. एकसंध तिकिटावर साधारणतः मुख्य कंपनीची हीच सवलत देशांतर्गत टप्प्यालाही लागू होते. परंतु नांदेडचे तिकीट वेगळे काढले असेल, तर त्या छोट्या विमानात देशांतर्गत नियम लागतो आणि तो बहुधा पंधरा किलोचा असतो. उरलेल्या एकतीस किलोंचे पैसे किलोमागे द्यावे लागतात. तिकिटात वाचवलेली रक्कम अशी काउंटरवरच परत जाते. त्यापेक्षा हैदराबादपर्यंत मोटार केलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. शमशाबादच्या विमानतळावर देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय विमाने एकाच इमारतीतून सुटतात, त्यामुळे तेथील बदल तुलनेने सुसह्य. मुंबईत मात्र पहिले व दुसरे टर्मिनल एकमेकांपासून दूर आहेत आणि आता नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. दोन सुटी तिकिटे काढताना उतरायचे कोठे आणि चढायचे कोठे, हे न पाहणाऱ्याची धांदल उडणारच.

आता बॅगेला लावलेल्या पट्टीकडे वळू. काउंटरवर बॅग दिली की तिच्या मुठीला एक लांब पट्टी अडकवतात आणि तिचा छोटा तुकडा आपल्याला देतात. त्यावर तीन अक्षरांत विमानतळांची नावे असतात. हैदराबाद एचवायडी, मुंबई बीओएम, नांदेड एनडीसी. सर्वांत ठळक अक्षरांत जे नाव छापलेले असते, तेथे बॅग जाणार. आपण कोठे जाणार आहोत याच्याशी त्या पट्टीला कर्तव्य नाही. खाली दहा अंकी क्रमांक असतो आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या स्थानावर तेच कंपनीचे तीन अंक असतात. काउंटर सोडण्यापूर्वी ती ठळक अक्षरे मोठ्याने वाचून घ्यावीत आणि पट्टीचा मोबाईलवर फोटो काढावा. कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही. रोखपालासमोर नोटा मोजून घेणाऱ्या खातेदाराचा आम्हाला कधी राग आला नाही.

यानंतरचा प्रश्न टप्पा वगळण्याचा. समजा, लातूरच्या एका कुटुंबाने हैदराबाद-दिल्ली-फ्रँकफर्ट असे जाण्याचे आणि त्याच मार्गाने परतण्याचे तिकीट काढले. मधल्या काळात दिल्लीला नात्यातले लग्न ठरले. घरातल्यांनी विचार केला, चार दिवस आधी रेल्वेने दिल्लीला जाऊ, लग्न करू आणि तेथूनच फ्रँकफर्टच्या विमानात बसू. हैदराबाद-दिल्लीचे पैसे गेले तर गेले. हा विचार बस वा रेल्वेच्या सवयीतून आलेला आहे. विमानाच्या करारात टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही, अशी नोंद झाली की बहुतेक कंपन्यांची संगणकप्रणाली पुढचे सर्व टप्पे रद्द करते. यात केवळ दिल्ली-फ्रँकफर्ट जात नाही, तर परतीचे तिकीटही जाते. लग्नाचा आहेर घेऊन दिल्ली विमानतळावर पोहोचलेल्या त्या कुटुंबाला तेथेच, त्या दिवसाच्या भावाने नवी तिकिटे काढण्याखेरीज पर्याय उरत नाही. हेच त्यांनी आठ दिवस आधी कंपनीला वा एजंटाला सांगून तिकीट दिल्लीहून सुरू होणारे करून घेतले असते, तर शुल्क आणि भाड्यातील फरक भरून काम भागले असते.

तिकीट असे बदलून घेतले, की दोन लहान नोंदी पुन्हा तपासाव्यात. जैन भोजनाची मागणी आणि वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअर. दोन्ही नोंदी प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र लागतात आणि नव्या तिकिटावर त्या आपोआप उतरतीलच असे नाही. जैन भोजनाचा संकेत व्हीजेएमएल असा असतो. साधे शाकाहारी जेवण वेगळे, त्यात कांदा-बटाटा येऊ शकतो. ही मागणी निदान चोवीस तास आधी नोंदलेली असावी लागते.

टप्पा वगळण्याचा दुसरा प्रकार जाणूनबुजून केलेला असतो. कधीकधी लांबचे तिकीट जवळच्या तिकिटापेक्षा स्वस्त असते. व्यापाऱ्याला याचे नवल वाटू नये. दुकानगाळ्याचे भाडे क्षेत्रफळावर ठरत नाही, मोक्यावर ठरते. तसे विमानाचे भाडे अंतरावर ठरत नाही, त्या दोन शहरांमधील स्पर्धेवर ठरते. तेव्हा काही चतुर प्रवासी पुढच्या शहराचे स्वस्त तिकीट काढतात आणि मधल्याच विमानतळावरून बाहेर पडतात. लुफ्तान्सा कंपनीने अशा एका प्रवाशावर बर्लिनच्या न्यायालयात सुमारे २,११२ युरोंचा दावा लावला होता. त्याने ऑस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिॲटलचे परतीसह तिकीट काढले आणि परतताना फ्रँकफर्ट-ऑस्लो हा शेवटचा टप्पा सोडून दिला. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनीने अपील केले. अमेरिकेत अशी तिकिटे शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळाविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्सने दावा केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फोर्ट वर्थ येथील ज्यूरीने ९४ लाख डॉलरची रक्कम कंपनीच्या बाजूने ठरवली. अर्थात त्या निकालाचा आधार कंपनीच्या बोधचिन्हाच्या स्वामित्वहक्काचा भंग हा होता. टप्पा सोडणारा प्रवासी गुन्हेगार आहे, असे ज्यूरीने म्हटलेले नाही.

हा प्रकार गुन्हा नसला, तरी ज्या अटी मान्य करून तिकीट घेतले त्या मोडणारा आहे, आणि कंपनी त्याबद्दल प्रवाशाचे साठलेले मैल रद्द करू शकते. पेढीवर शब्द पाळणाऱ्या घरांनी अशा कसरतीत पडू नये, असे मला वाटते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान व्यवहार पाहावा. ही युक्ती फक्त हातातल्या बॅगेपुरती चालते. चेक-इन केलेली बॅग पट्टीवरील ठळक अक्षरांच्या दिशेने निघून जाते. शिवाय मधला देश परका असेल, तर विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो. न्यूयॉर्कहून दुबईमार्गे हैदराबादला येताना दुबईत मामांकडे दोन दिवस राहायचे असेल, तर तिकीट काढतानाच तेथे मुक्काम नोंदवून घ्यावा. अशा मुक्कामाची सोय पुष्कळ कंपन्या देतात. मग बॅगही दुबईपर्यंतचीच पट्टी लावून दिली जाते.

बॅग एकीकडे आणि प्रवासी दुसरीकडे, ही गोष्ट विमान कंपन्या इतक्या गांभीर्याने का घेतात, याचे उत्तर आपल्याच देशाच्या एका विमानाच्या इतिहासात आहे. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकुव्हरच्या काउंटरवर एम. सिंग या नावाच्या तिकिटावर एक माणूस आला. टोरांटोपुढील एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा निश्चित झालेली नव्हती. नियमाप्रमाणे त्याची बॅग टोरांटोपर्यंतच घ्यायला हवी होती. त्याने हट्ट धरला, मागे रांग वाढत होती, आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याने अखेर बॅगेला पुढची पट्टी लावून दिली. बॅग गेली, तो माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला ती बॅग एअर इंडियाच्या विमानात चढली आणि २३ जूनच्या सकाळी 'कनिष्क' हे बोइंग ७४७ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर फुटले. विमानातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच कटातील दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. तीही बॅग एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती, आणि तिच्याबरोबरही प्रवासी नव्हता. साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान फुटले आणि २७० माणसे गेली. तेथेही स्फोटके प्रवाशाविना प्रवास करणाऱ्या बॅगेतच होती.

आज आंतरराष्ट्रीय विमानात चढलेली प्रत्येक बॅग आणि चढलेला प्रत्येक प्रवासी यांचा मेळ घातला जातो, तो यामुळे. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग पोटातून शोधून काढून उतरवतात. त्या कामात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तीनशे माणसे जागेवर ताटकळत बसतात. मधल्या विमानतळावर खरेदीत रमून वेळ विसरलेल्या किंवा मनाशीच बेत बदलून बाहेर पडलेल्या प्रवाशाला याची कल्पना नसते. प्रकृती बिघडली, घरून वाईट बातमी आली, अशा कारणाने पुढचा टप्पा सोडावा लागला, तर ट्रान्सफर काउंटरवर जाऊन तसे सांगणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. सांगितले तर बॅग वेळेत बाहेर काढता येते आणि ती आपल्या हाती लागण्याची शक्यताही वाढते.

भारतात परतताना मात्र वेगळी स्थिती असते. परदेशातून येणाऱ्याने देशात पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, पट्ट्यावरून बॅग उचलून, कस्टम्समधून बाहेर पडायचे आणि मगच देशांतर्गत विमानासाठी बॅग पुन्हा द्यायची, हीच आपल्याकडील सर्वसाधारण पद्धत आहे. पट्टीवर अखेरचे शहर छापलेले असले तरी बहुतेक वेळा हे करावेच लागते. दिल्लीत उतरून 'बॅग हैदराबादलाच मिळेल' या समजुतीने थेट पुढे निघालेल्या प्रवाशाची बॅग मागे राहते. अमेरिकेतही हाच नियम आहे. न्यूयॉर्कमार्गे शिकागोला जाणाऱ्याने न्यूयॉर्कला बॅग उचलून, कस्टम्स ओलांडून, शेजारच्या पट्ट्यावर पुन्हा टाकायची असते. अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांचे इमिग्रेशन व कस्टम्स अबूधाबीलाच उरकतात, त्यामुळे त्यांना अमेरिकेत हा सोपस्कार राहत नाही. वयस्कर आई-वडिलांना एकटे पाठवताना हा फरक मी महत्त्वाचा मानतो.

या पद्धतीमुळे परतीच्या प्रवासातील अगदी शेवटचा देशांतर्गत टप्पा सोडणे शक्य होते, कारण बॅग आपल्या हातात आलेली असते. मुंबईत उतरल्यावर पुढे हैदराबादला न जाता मुंबईहूनच लातूरची रेल्वे धरावी असे वाटले, तर पुढचा टप्पाच उरलेला नसल्याने रद्द होण्यासारखे काही राहत नाही. तरीही कंपनीला कळवावे, आणि कंपनी भाड्याची फेरआकारणी करू शकते हे ध्यानात ठेवावे. दागिने घालून परदेशी जाणाऱ्या भगिनींसाठी याच ओघात एक सांगतो. जाताना येथील कस्टम्सकडून त्या दागिन्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घेतले, तर परतताना ते परदेशात घेतल्याचा प्रश्न उपस्थित होत नाही. दागिने, औषधे, मूळ कागदपत्रे आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवूच नयेत. पॉवर बँक ठेवण्यास तर मनाईच आहे.

आणि एवढे करूनही बॅग हरवली तर? येथे १९९९ चा माँट्रियल करार कामी येतो. भारतासाठी तो ३० जून २००९ पासून अमलात आला. सामान हरवणे, फुटणे वा उशिरा मिळणे यासाठी प्रत्येक प्रवाशामागे भरपाईची कमाल मर्यादा त्यात आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे एसडीआर, इतकी झाली आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे परिमाण. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवर त्याचे मूल्य ठरते. रुपयांत ही मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास जाते, दर रोज बदलतो. ही कमाल मर्यादा आहे. मिळते ते सिद्ध झालेल्या नुकसानीपुरतेच. बॅगेत अधिक मोलाचे काही असेल, तर देतानाच तसे जाहीर करून जादा आकार भरण्याची तरतूद करारात आहे.

करारातील दुसरे एक कलम तितकेच उपयोगी आहे. एकसंध तिकिटावर अनेक कंपन्यांनी मिळून प्रवास घडवला असेल, तर सामानाबद्दल पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्या ताब्यात नुकसान झाले तिच्याकडे, अशी कोणाकडेही मागणी करता येते. 'ते दुबईवाल्यांना विचारा' असे उत्तर हैदराबादच्या काउंटरवर मिळाले, तर ते मान्य करण्याचे कारण नाही. नांदेडचा टप्पाही त्याच तिकिटावर असेल, तर तोही या संरक्षणात येतो. सुट्या देशांतर्गत तिकिटावर मात्र वेगळी आणि बरीच कमी मर्यादा लागू होते.

बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच त्या कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर नावाचा अहवाल हाती घ्यावा. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी मागणी गेली पाहिजे. एकवीस दिवस उलटूनही बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. दरम्यान घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या व औषधांच्या पावत्या, बोर्डिंग पास आणि पट्टीचा तो छोटा तुकडा एकत्र ठेवावेत. दावा दाखल करण्याची मुदत विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांची आहे. तोवर हे कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत.